भू-आधार आला म्हणून बांध सरळ होणार का?

बांधावरचा: "जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे भू-आधार, मिळाला की सगळे घोळ संपले," असं काल इथं एकानं ठोकून दिलंय. साहेब, आजोबांच्या वेळी आमची जमीन सर्व्हे नंबर होती. एकत्रीकरण झालं, गट नंबर आला. वाटणी झाली, १/अ, १/ब आले. १९५८ चं खरेदीखत घेऊन गेलो तर समोरचा विचारतो, हा सर्व्हे नंबर कुठला? जुना नंबर कुठल्या गटात गेला ते दाखवणारा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा मिळायला आठ महिने! आणि आता हा चौथा नंबर.

डेटावाला: ते वाक्य माझंच. गट १४२ शेजारच्या गावातही असतो. भू-आधार अक्षांश-रेखांशावरून बनतो, देशात एकच. बँक, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, सगळ्यांना तोच धरून चालता येईल.

बांधावरचा: वाटणी झाली तरी तोच राहतो?

डेटावाला: नाही, नव्या तुकड्यांना नवे.

बांधावरचा: मग कायमचा कसला डोंबलाचा?

माजी मंडळ अधिकारी: नंबर बदलू दे की. जुन्याचं नवं काय झालं याची नोंद हवी, फेरफार त्यासाठीच असतो. खरं दुखणं वेगळंय. सातबारे चार आणि नकाशात पोटहिस्साच नाही. मोजणीच झाली नाही, तर नंबर चिकटवणार कशाला?

माहेरवाशीण: माझं नाव सातबाऱ्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. फार्मर आयडीला जुळेचना. भाऊ म्हणतो, हक्कसोड करून टाक, कटकट मिटेल.

कोकण्या: आमच्या सातबाऱ्यावर ४३ नावं, निम्मी माणसं वर गेलेली. त्यात बहिणींची भर घातली की झालंच.

माहेरवाशीण: भर? महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित हिस्सा १९९४ लाच दिलाय, केंद्राच्या ११ वर्षं आधी. ४३ मध्ये तुमचे चुलते चालतात, बहीण आली की गर्दी होते होय?

कोकण्या: माझ्या बहिणींनी राजीखुशीनं सोडलंय.

माहेरवाशीण: राजीखुशीनं! विचारलंय कधी एकटीला गाठून?

बांधावरचा: ताई, धागा नंबराचा आहे.

माहेरवाशीण: दादा, जमीन कुणाची ते तुमचा नंबर सांगतच नाही, एवढंच म्हणतेय.

डेटावाला: बरं बाबा. नंबर जागा ओळखतो, मालक नाही. "सगळे घोळ" हे दोन शब्द मागे. पण तुमचे आठ महिने गेले ते जुना-नवा नंबर जोडणारा कागद दप्तरात गाडला गेला म्हणूनच ना?

बांधावरचा: हो, तेवढं खरंय. दोन शब्द मागे घेतल्याचा फेरफार मात्र धरून ठेवा, नाहीतर उद्या म्हणाल मूळ नोंद सापडत नाही.