बिलं नसली तरी क्लेम सोडू नका
भाऊ, घरात चोरी झाली पण दागिन्यांची बिलं नाहीत म्हणून विम्याचा क्लेमच करत नाही म्हणता, असं नका करू. आमच्या मानेवाड्याच्या घरी चोरी झाली तेव्हा आईच्या पाटल्यांचं एकही बिल नव्हतं, फार रडली ती, मग लग्नाच्या अल्बममधले पाटल्या दिसणारे फोटो काढले, इतवारीतल्या सराफाकडे गेलो तर त्याच्या जुन्या वहीत वजनासकट नोंद निघाली अन् त्याने सहीशिक्क्याचं पत्र दिलं. टीव्हीचं बँक स्टेटमेंटवरून जमलं. अन् तुटलेला कडीकोयंडा सर्वेयर (विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा माणूस) येईपर्यंत बदलू नका, बदलावाच लागला तर आधी फोटो काढा, जबरदस्तीने घुसल्याची तीच खूण असते. एफआयआरमध्ये एखादी वस्तू राहिली असेल तर ठाण्यात पुरवणी जबाब द्या, पोलिसांकडची अन् क्लेममधली, दोन्ही याद्या जुळल्या पाहिजेत. चोर सापडलाच नाही तर कंपनी बऱ्याचदा पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, मागते, त्याला वेळ लागतो, आतापासूनच विचारत राहा.