मदत हवी आहे: न्यू जर्सीतली धरपकड, आई-बाबा आणि आमच्या पोळ्यांच्या काकू

जर्सीकरीण:

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि थोरला एच-४ या त्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, धाकटी इथेच जन्मलेली. थोरल्याला पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण होतील. सध्या आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात एडिसनमधल्या गोदामांवर आइसच्या (इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याच्या) धाडी पडल्या, तेव्हापासून इथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांना ऊत आलाय. "ग्रोसरीसमोर काळ्या गाड्या उभ्या आहेत", "देवळात जाऊ नका", "पासपोर्टाशिवाय कचरा टाकायलाही बाहेर पडू नका". खरं किती, खोटं किती, काही पत्ता लागत नाही.

मला दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. बाबा रोज सकाळी एकटे फिरायला जातात आणि पार्कातल्या बाकावर गुजराती आजोबांशी हिंदीत गप्पा मारत बसतात. इंग्रजी येस-नो-थँक्यूपुरतं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये, कारण "त्यात नुसती खरखर येते". पासपोर्ट त्यांनी माझ्या कपाटात साडीच्या घडीत ठेवलाय आणि तो तिथून हलवायला ते तयार नाहीत. कुणी थांबवलंच तर जवळ काय असावं?

दुसरी गोष्ट आमच्या पोळ्यांच्या काकूंची. व्हिसावर आल्या होत्या, मुदत केव्हाच संपली. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुलगी इथेच जन्मलेली, शाळेत जाते. काकूंनी देवळात येणं सोडलंय. मागे त्यांच्या खोलीत चोरी झाली, तरी पोलिसांकडे गेल्या नाहीत. त्यांना उचललं तर मुलीला शाळेतून कोण आणणार, हा प्रश्न त्या मलाच विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही.

सरळमार्गी:

कागद नीट असतील तर घाबरायचं काय? आणि नसतील तर कायदा आपलं काम करणारच. उगाच राईचा पर्वत.

पुणे-टू-प्लेन्सबरो:

@सरळमार्गी, ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने १७० हून जास्त अमेरिकी नागरिकांना इमिग्रेशन एजंटांनी धरून ठेवल्याची प्रकरणं मोजली होती. नागरिकांना! त्यामुळे कागद नीट आहेत एवढं पुरत नाही, ते वेळेवर हाताशीही लागतात. धागा मदतीचा आहे, मदत असेल तर लिहा.

कायदेखाऊ:

मी वकील नाही, पण इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं फायली उपसतेय. हे वाचून शेवटी वकिलाला विचारायचंच आहे.

आधी बाबा. अठरा आणि त्यावरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा, हा नियम १९५२ च्या कायद्यातलाच. विचारत कुणी नव्हतं. ११ एप्रिल २०२५ पासून नोंदणीचा नवा नियम लागू झाला आणि त्यावर जोर आला. व्हिजिटरसाठी हा पुरावा म्हणजे आय-९४, म्हणजे देशात आल्याची आणि राहायच्या मुदतीची सरकारी नोंद. सीबीपी या सीमा-कस्टम्स खात्याच्या साइटवरून फुकट प्रिंट निघते. ती प्रिंट, पासपोर्टचं फोटोचं पान आणि व्हिसा यांची झेरॉक्स, असं प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात. मूळ पासपोर्ट राहू दे साडीच्या घडीत, माझं मत तेच. काही वकील वेगळं सांगतील. सोबत तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात, आणि "मला ऐकू कमी येतं, हिंदी किंवा मराठी दुभाषी द्या" हे इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऐकू न आल्यामुळे हाकेला न थांबलेला म्हातारा माणूस पळून जातोय असं कुणाला वाटायला नको. आणि यंत्र घालायला लावा, खरखर चालेल.

एक घोळ नेहमी होतो. व्हिसावर दहा वर्षांची तारीख असते, पण राहायची मुदत आय-९४ वर असते. ती तारीख फ्रिजवर लावा. नवऱ्याचं एच-१बी इथेच वाढवलं असेल तर आय-७९७ या मंजुरीच्या पत्राच्या खालच्या भागात नवं आय-९४ असतं, साइटवर जुनंच दिसू शकतं. त्या भागाची कॉपी जवळ हवी. ग्रीनकार्डवाल्यांनी मात्र मूळ कार्डच बाळगायचं.

थोरल्याचं विसरू नका! चौदा पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत त्याची नव्याने नोंदणी करावी लागते, आय-९४ असलं तरी. यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या विभागाच्या ऑनलाइन खात्यातून जी-३२५आर फॉर्म, मग बोटांचे ठसे. घर बदललंत तर दहा दिवसांत एआर-११, म्हणजे पत्ता बदलल्याचा फॉर्म. आपल्याकडच्या निम्म्या लोकांना या दोन्ही गोष्टी माहीत नसतात.

आता एजंट दारात आले तर. दार उघडायच्या आधी कागद खिडकीतून दाखवायला किंवा फटीतून सरकवायला सांगा आणि वाचा. वर डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी आणि खाली अधिकाऱ्याची सही असेल तर ते प्रशासकीय वॉरंट. नुसत्या त्यावर तुमच्या संमतीशिवाय घरात शिरता येत नाही, हा आजवरचा कायदा. वर कोर्टाचं नाव आणि खाली जज किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांच्यावर हद्दपारीचा अंतिम आदेश आहे त्यांनी यावर विसंबू नये, सरकारने त्यांच्याबाबत वेगळी भूमिका घेतली आहे. कुठल्याही परिस्थितीत खोटं बोलायचं नाही, खोटा कागद दाखवायचा नाही, ढकलाढकली नाही.

जर्सीकरीण:

खूप आभार. काकूंबद्दलही लिहाल का? देवळाची भीती खरी आहे का?

कायदेखाऊ:

धरपकड करताना शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं टाळायची एजंटांना दिलेली जुनी सूचना जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकली, एवढं खरं. पण त्यावरून उद्या देवळात धाड पडणार असा अर्थ काढू नका.

काकू व्हिसावर आल्या, हे त्यांच्या बाजूचं आहे. रीतसर प्रवेश घेऊन मुदत ओलांडलेल्यांना साधारणपणे इमिग्रेशन जजसमोर सुनावणी मिळते. म्हणून जुना पासपोर्ट, त्यातला व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का जपा, त्याच्या प्रती तुमच्याकडेही ठेवा. पकडलं तर वकील भेटेपर्यंत कशावरही सही नाही. "स्वतःहून जाते" अशा अर्थाचे कागद पुढे करतात आणि घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो.

एखाद्याला नेलं तर आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला फाइल नंबर) आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. ए-नंबर नसेल तर नाव, आडनाव, जन्मदेश. इथे मराठी नावं गोंधळ घालतात: पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. दोन्ही प्रकारे टाकून बघा, स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम. नेवार्कचं डिलेनी हॉल किंवा एलिझाबेथ इथल्या कोठडीत ठेवतात, पण तिथून टेक्सास-लुइझियानाला हलवायला वेळ लागत नाही. त्यामुळे वकील त्याच दिवशी. जर्सीत कोठडीतल्यांसाठी सरकारी पैशातून फुकट वकिलांची योजना २०१८ पासून आहे. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आणि नेवार्कची अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी त्यात आहेत. कोठडीतून फोन करायचा तर नंबर पाठ हवा, मोबाइल काढून घेतलेला असतो.

आणि ओक ट्री रोडवर (एडिसनकडच्या देशी बाजारात) "सगळे फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्याकडे काकूंना पाठवू नका. नोटरी म्हणजे वकील नव्हे. भलताच अर्ज टाकला की माणूस आपण होऊन आपला पत्ता सरकारला देतो.

लेकुरवाळी:

मुलीसाठी: शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर दोन भरवशाची नावं आजच घाला, म्हणजे आणायचा प्रश्न तरी सुटतो. आई परत येईपर्यंत मुलगी कुणाकडे राहणार, त्यासाठी जर्सीत स्टँडबाय गार्डियनची (गरज पडली तर मुलाची जबाबदारी घेणारा, आधीच नेमलेला पालक) सोय आहे, वकिलाकडून कागद करून घेता येतो. मुलीचा जन्मदाखला, लसींची नोंद, औषधं हे सगळं एका फाइलीत.

चोरीचं म्हणाल तर राज्याच्या २०१८ च्या निर्देशाप्रमाणे इथल्या पोलिसांनी उगाच इमिग्रेशनचं विचारायचं नसतं. काकूंसोबत तुम्ही जा. घरात मारहाण वगैरे असेल तर न्यू ब्रन्सविकची मानवी ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठीच आहे.

पुणे-टू-प्लेन्सबरो:

वकिलातीचं राहिलं. जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडे येतं. भारतीयाला अटक झाली तर अमेरिका आपोआप कळवत नाही, त्याने स्वतः "माझ्या वकिलातीला कळवा" म्हणायला हवं. (आश्रय मागितला असेल तर आधी वकिलाला विचारा.) घरचे भारतातून परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकू शकतात. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानाने १०४ जणांना अमृतसरला उतरवलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. तेव्हा हे फक्त पंजाब-गुजरातचं दुखणं नाही.

ग्रुपवर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कुठे, किती वाजता, स्वतः पाहिलं का, अंगातल्या कपड्यांवर काय लिहिलं होतं? उत्तर नसेल तर ढकलू नका. आणि आइस किंवा वकिलातीच्या नावाने फोन करून गिफ्टकार्डात दंड मागणारे सगळे भामटे. आई-बाबांना हे सांगून ठेवा, लँडलाइनवर तेच फोन उचलतात.

जर्सीकरीण:

आय-९४ ची प्रिंट काढली. तारीख बघितली तर परतीच्या तिकिटाच्या आधीची निघाली, आता तिकीट अलीकडे घेतोय. बाबा चिठ्ठी ठेवायला तयार झाले, यंत्राचं अजून चाललंय. काकू म्हणाल्या शाळेच्या कार्डावर माझं नाव चालेल. स्टँडबाय गार्डियनचा कागद मिडलसेक्स काउंटीत कुणी करून घेतला असेल तर खर्च साधारण किती आला आणि मुलीच्या वडिलांची सही लागली का, ते सांगा. काकूंचा नवरा भारतात आहे. वकिलाचं नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.