लोंबोकची ‘स्वस्त’ किनारपट्टी आणि आपली सुटलेली लाळ

खाडीकाठ
परवा भटक्या७७ यांनी कौतुकाने लिहिलं की, इंडोनेशियात लोंबोक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खेड्यात त्यांच्या मित्राने १२ आर जागा घेतली. समुद्राला लागून, ‘तिथल्या एका भल्या माणसाच्या नावावर’. वर हे वाक्य: “गावकरी साधे आहेत, गरजा कमी, पैसे हातात पडले की खूश.”

त्याच किनाऱ्यावर मी कामानिमित्त अडीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सासाक लोकांचं गाव. दर दोन-तीन घरांपुढे चार खांबांचा, गवताने शाकारलेला उघडा माच, त्याला बेरुगाक म्हणतात. पाहुणा तिथेच बसतो, भांडणं तिथेच मिटतात, आणि हल्ली दलालही तिथेच कॉफी पितो. खाली वाळूत बायका समुद्री शेवाळ वाळत घालतात. जुकुंग होड्या ओढून ठेवलेल्या असतात. आपल्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या, होडीला दोन्ही बाजूंनी उलांडी लावली तर जशी दिसेल तशी. ही वाळू म्हणजे त्या गावाचं खळं. तुमच्या मित्राला तिथे ‘सी व्ह्यू’ दिसला.

कागद म्हणाल तर अनेकांकडे पक्कं प्रमाणपत्र नसतंच. कराची पावती, आणि ‘ही जमीन मी वापरतो’ असं केपाला देसाच्या, म्हणजे सरपंचाच्या, सहीचं पत्र. मी राहायचो त्या घरातले दोन भाऊ मलेशियात पामच्या मळ्यात होते. घरी राहिलेल्या तिसऱ्याने सही केली. थोरला परत आला तेव्हा वाटेवर तारेचं कुंपण. होडी आता शेजारच्या गावात लावतो आणि रोज स्कूटरवर इंजिन घेऊन जातो. हा तुमचा खूश गावकरी.

व्यवहारी
डोळे पाणावले. आता एक सांगा, त्या तिसऱ्या भावाने पैशाचं काय केलं? पोरीला शिकवलं असेल, पक्कं घर बांधलं असेल, तर तुम्हाला का टोचतंय? तुम्हाला सुट्टीत बघायला शेवाळ वाळवणाऱ्या बायका हव्यात. त्यांना कदाचित नको असेल ते काम. विकायचा हक्क फक्त पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनाच का?

खाडीकाठ
घर बांधलं, खरं आहे. पोरगी मातारामला, बेटावरच्या मोठ्या शहरात, शिकते, हेही खरं. पण जमीन तिघांची होती हो.

जकार्तावासी
मित्राला आधी कायदा वाचायला सांगा. १९६०च्या मूळ जमीन कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. (हक्क आणि मिळकत, दोन्ही आपल्या ओळखीचे. वारसाला तिथे ‘वारिस’ म्हणतात, भांडणंही तीच.) परक्याला ‘हाक पाकाई’, ठरावीक मुदतीचा वापरहक्क. आडून मालकी घेतली तर कलम २६ सांगतं: व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय भरतीरेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टी राखीव असते.

देवगडकर
१०० मीटर! आमच्याकडे १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरचा निर्बंधांचा पट्टा, ५०० मीटर. आजोबांच्या पडवीची कौलं बदलायची म्हटली तरी परवानगीच्या फेऱ्या, आणि बाजूला डोंगर फोडून कोणाचं तरी रिसॉर्ट उभं. सातबाऱ्यार ४१ नावां. त्यातली १९ मुंबईत, चार कुठे आहेत ते देवाक ठावक. आर ते आरच, तिथे नि इथे, गुंठ्याएवढाच. पण माझ्या वाट्याला नेमके किती येतात ते तलाठ्यालाही सांगता येईना. बरीचशी जमीन तर कुळकायद्यातच गेली. १९५७ साली आजोबा मुंबईत गिरणीत होते, एका सकाळी कूळ मालक झालं. त्याबद्दल कोणी गळा काढत नाही.

आंबेराई
कारण गळा काढायचं कारण नाही. माझे पणजोबा कूळ होते. तीन पिढ्या खंड भरला, कलमं लावली, पावती एक नाही. तुमचे आजोबा मे महिन्यात आंबे खायला येत. ‘गेली’ काय म्हणता, कसणाऱ्याकडे आली!

देवगडकर
सरसकट बोलू नका. आमचे आजोबा सावकार नव्हते, पाच हजार कलमांचे बागायतदार नव्हते. दीड एकराचे मालक होते. त्यांचीही गेली.

आंबेराई
दीड एकरवाल्याचं वाईट वाटतं, बस? पण पावती का दिली नाही, ते सांगा.

देवगडकर
ते मला काय ठाऊक, मी जन्मलो नव्हतो.

व्यवहारी
धागा लोंबोकचा आहे. कोणीतरी यांना वेगळी पडवी द्या.

जकार्तावासी
फार लांब नाही हो गेले. तिथेही १९६०त जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला होता. ज्यांनी वाटपासाठी जोर लावला त्यांतले अनेक १९६५-६६ च्या हत्याकांडात सापडले, आणि वाटपाचा विषयच थंडावला. आपल्या १ एप्रिल १९५७ सारखा, कुळाला मालक करणारा दिवस त्यांच्याकडे उजाडला नाही. आणि कागदावर फार विसंबू नका: २०२५च्या जानेवारीत जकार्ताशेजारी तांगेरांगच्या समुद्रात ३० किलोमीटरचं बांबूचं कुंपण सापडलं. चौकशीत कोहोद गावच्या हद्दीत चक्क पाण्यावर २६३ बांधकाम-हक्काची प्रमाणपत्रं दिलेली निघाली. भरतीत मासे असतात तिथे प्लॉट!

आंबेराई
म्हणजे तिकडचे तलाठी आपल्याही पुढे.

व्यवहारी
ठीक, बेनामीच्या बाजूने मी नाही, मित्र मूर्ख आहे. पण माझा मुद्दा उभा आहे. त्याच दक्षिण लोंबोकात मंडालिकाला २०२१ मध्ये रेसिंगचा ट्रॅक झाला, रस्ते आले, पोरांना नोकऱ्या लागल्या. खाडीकाठ यांना फक्त तारेचं कुंपण दिसतं.

खाडीकाठ
त्याच ट्रॅकच्या जमिनींवरून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जाहीर चिंता व्यक्त केली होती. शेजारी तंजुंग आनला २०२५च्या जुलैत किनाऱ्यावरच्या टपऱ्या पाडल्या. भाजलेले कणीस आणि शहाळं विकणाऱ्या बायका. हो, नोकऱ्या लागल्या. माझ्या घरमालकाचा भाचा तिथे सुरक्षारक्षक आहे. घ्या, हा तुमचा एक गुण. ज्या वाळूत तो लहानपणी खेकडे धरायचा तिथून तो आता लोकांना हाकलतो. तेवढं त्याने मला हसत हसत सांगितलं, म्हणून वाईट वाटून घ्यावं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

देवगडकर
आमच्याकडे रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला जागा उरली नाही, तेव्हा कोणी तज्ज्ञ आला नाही.

भटक्या७७
सगळं वाचलं. ‘लाळ’ शब्द लागला, पण असो. मित्राला फोन केला. म्हणाला करारनामा वकिलाने केलाय, अगदी पक्का. कुठल्या भाषेत, विचारलं. इंग्रजीत. त्या भल्या माणसाला इंग्रजी येतं का, विचारलं. म्हणाला, गाडी चालवतोय, नंतर बोलू.