गरोदरपणात रात्री छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येतं. सल्ला हवा

रानजाई:
२९वा आठवडा चालू आहे. दिवसा फारसा त्रास नाही, पण आडवं झालं की अर्ध्या तासात जळजळ सुरू होते आणि आंबट पाणी घशाशी येतं. जेवण साडेनऊला, झोप साडेदहाला. डोक्याखाली दोन उशा घेतल्या की कमी होण्याऐवजी वाढतं. थंड दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, कॅल्शियमची सकाळी. रक्तदाब नॉर्मल. उशांचं काय चुकतंय? औषध कोणतं चालतं? आणि पाण्यात खायचा सोडा घालून घेतला तर?

निवडुंग:
आधी सोड्याचं सांगते: घेऊ नका. अर्ध्या चहाच्या चमच्यात ६०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात मिळून २००० च्या आत राहायला सांगते. शिवाय सोडा आणि आम्ल एकत्र आले की वायू होतो, पोट फुगतं, ढेकर येते आणि ढेकरेबरोबर अन्ननलिकेच्या तळाची झडप उघडते. म्हणजे जे खाली ठेवायचं तेच वर येतं.

ही झडप गरोदरपणात मुळातच सैल असते, प्रोजेस्टेरॉनमुळे. त्याच संप्रेरकाने पचनही मंदावतं, आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाशय जठराला खालून दाबतं. दोन उशांनी फक्त मान आणि खांदे उचलले जातात, शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावरचा दाब वाढतो. उचलायची ती पलंगाची डोक्याकडची बाजू. त्या बाजूच्या दोन्ही पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे सारख्या मापाचे, न घसरणारे लाकडी ठोकळे ठेवा. पलंगाला पाय नसतील तर पाचरीच्या आकाराची फोमची उशी घ्या, पण तिचा उतार कमरेपासून सुरू व्हायला हवा. बाजारातल्या बऱ्याच पाचरी आखूड असतात; त्या खांद्यापाशीच संपतात आणि दोन उशांसारखंच काम करतात. झोपल्यावर कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आहेत का हे कुणाला तरी बाजूने बघायला सांगा.

कूस डावी. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर नेमकं उलट. गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवली की उतारावरून खाली घसरणं कमी होतं. झोपेत कूस बदलली तर घाबरायचं कारण नाही, जाग आली की परत वळायचं.

सायंतारा:
वर सगळं बरोबर आहे, पण मूळ गडबड साडेनऊ-साडेदहामध्ये आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. मोठं जेवण दुपारी, रात्रीचं साडेसातच्या आत आणि निम्मं. दिवसाचं खाणं पाच-सहा वेळांत वाटा. पाणी जेवताना घोटभरच, बाकीचं मधल्या वेळात. पोट अन्नाने आणि पाण्याने एकाच वेळी तुडुंब भरलं की झडपेवर ताण येतो. झोपताना भूक लागली तर कोरडं, कमी तेलाचं दोन-चार घास पुरे. दूध आधी आम्ल सौम्य करतं, पण त्यातली प्रथिनं पुन्हा आम्ल सुटायला लावतात आणि साय असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

कॉफी, चॉकलेट, आंबट फळं, टोमॅटो, तळलेलं, तिखट यांपैकी काय बाधतं ते प्रत्येकीचं वेगळं. सगळंच सोडून उपाशी राहू नका. चार दिवस वेळेसकट लिहून काढा आणि बाधेल तेवढंच टाळा. पुदिना मात्र बऱ्याच जणी उपाय म्हणून घेतात, आणि तो झडप आणखी सैल करतो.

काचमणी:
औषधांचं. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, पण साधारण क्रम असा असतो.

पहिलं, अल्जिनेटचं पातळ औषध, जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा जाड थर धरतं, म्हणून त्यावर लगेच पाणी पिऊ नका. त्यात सोडियम असतं. रक्तदाब वाढला तर आधी विचारा.

दुसरं, कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्या. इथे बेरीज चुकते. ५०० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये शुद्ध कॅल्शियम २०० असतं, आणि तुमची रोजची कॅल्शियमची गोळी वेगळी. आहार धरून दिवसाचं एकूण शुद्ध कॅल्शियम २५०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. बद्धकोष्ठही होतं.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर फॅमोटिडीन किंवा ओमेप्राझोल ही जठरातलं आम्ल कमी करणारी औषधं देतात. ओमेप्राझोल जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. जळजळ उठल्यावर घेऊन उपयोग नाही. अॅस्पिरिन किंवा त्याच गटातलं सॅलिसिलेट असलेली फसफसणारी चूर्णं, गोळ्या स्वतःहून घेऊ नका. पाकिटावरचे घटक वाचा.

आणि तुमची लोहाची गोळी. ती स्वतःच अन्ननलिका आणि जठर चाळवते, आणि घेऊन लगेच आडवं झालं की नळीत रेंगाळते. सकाळी मधल्या वेळेत पेलाभर पाण्याबरोबर घ्या, पुढे अर्धा तास बसून राहा. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर. लोह आणि अँटासिड (वरच्या कार्बोनेटच्या गोळ्यांसारखं आम्ल शमवणारं औषध) यांत दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर अंतर चार तासांचं.

निवडुंग:
एक महत्त्वाचं राहिलं. २० आठवड्यांनंतर बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे किंवा मधोमध दुखायला लागलं आणि जोडीला डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, अचानक चेहऱ्यावर सूज यांपैकी काही असेल, तर ते पित्त समजून गोळी घेत बसू नका. अशा वेळी, किंवा रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर असेल तर, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, धाप लागत असेल, उलटीत रक्त असेल, तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही. गिळताना अन्न अडकत असेल तर तेही लवकर दाखवा.

रानजाई:
खूप स्पष्ट झालं. लोहाने शौचाला काळं होतं, मग रक्तस्राव कसा ओळखायचा?

काचमणी:
लोहाने रंग गडद हिरवट-काळा होतो, पण मल बांधलेला असतो. पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावात तो डांबरासारखा चकचकीत, चिकट आणि विलक्षण घाण वासाचा होतो. बरेचदा गरगरतं, नाडी जलद चालते. नुसत्या रंगावरून लोह बंद करू नका. चिकटपणा किंवा वास बदलला, तर मात्र वाट न बघता दाखवा.