निर्दोषाचं दुःख आणि देवाचा न्याय: भरवसा ठेवायचा म्हणजे गप्प बसायचं?

कंदील
काही चूक नसताना भोगणाऱ्याला 'देवावर सोड, तो न्याय करील' असं सांगतात. त्यातून 'तक्रार करू नकोस' एवढंच पोचतं, आणि तिथेच घोळ होतो. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घ्या: काही चूक नसताना ईयोबाची मुलं, गुरंढोरं सगळं जातं. पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' म्हणणारा पहिल्या अध्यायातला ईयोब सगळ्यांना पाठ असतो. तिसऱ्या अध्यायात तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. ३१ व्या अध्यायात शपथेवर बाजू मांडून 'ही माझी सही, आता सर्वसमर्थाने उत्तर द्यावं' म्हणतो. आणि शेवटी देव भडकतो कोणावर? सांत्वनाला येऊन देवाची वकिली करणाऱ्या ईयोबाच्या तिघा मित्रांवर (४२:७).

उलटतपासणी
त्याच्या आधीचं वचन का गाळलंत? ४२:६ मध्ये ईयोब धूळराखेत बसून माघार घेतो. त्याने विचारलं 'का', तर देव विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? मग शहामृग, घोडा, ससाणा. कारण मागितल्यावर शहामृगाबद्दल बोलणाऱ्या न्यायाधीशावर भरवसा कसा ठेवायचा? शेवटी ईयोबाला मिळालेली भरपाईही बघा: मेंढरं ७,००० ची १४,०००, उंट ३,००० चे ६,०००, मुलं मात्र पुन्हा दहाच. आधीची दहा देवाजवळ आहेत, म्हणून हिशेब दुप्पटच झाला, हे जुनं उत्तर मला पळवाट वाटतं.

अनादी
वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रात (२.१.३४) ईश्वरावरचा हाच आरोप घेतलाय: 'वैषम्यनैर्घृण्ये न, सापेक्षत्वात्'. ईश्वर पक्षपातीही नाही, निर्दयही नाही, कारण फळ जीवाच्या कर्माप्रमाणे मिळतं. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, भात उगवतो की जव ते बियाण्यावर. पहिलं कर्म कुठून आलं म्हणाल, तर पुढचंच सूत्र: संसार अनादी आहे. तेव्हा 'विनाकारण दुःख' हा शब्दच टिकत नाही.

कंदील
तर्क पक्का आहे. पण तो दुःखिताच्या उशाशी बसून बोललात की तुमचा बिल्दद होतो, म्हणजे ईयोबाच्या त्या तिघा मित्रांपैकी एक. ते मित्र सात दिवस, सात रात्री नुसते जमिनीवर बसून राहिले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बिघडलं ते परिणामावरून कारण काढायला लागल्यावर: मुलं मेली, म्हणजे मुलांनी पाप केलं असणार (८:४). ते सूत्र ईश्वरावरचा आरोप खोडायला आहे, समोरच्याचं मागचं खातं उघडायला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांहून जास्त पापी होते का? येशू स्पष्ट नाही म्हणतो (लूक १३).

अनादी
दुसऱ्याला लावू नये, हे मान्य. स्वतःला लावलं तर धीर येतो, यावर मी ठाम आहे.

उलटतपासणी
मग उशाशी बसून करायचं काय ते सांगा.

कंदील
बायबलमधलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कुठवर?' हा प्रश्न मूळ हिब्रूत चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, भरवसा थेट पाचव्यात. लोक दुःखिताला पाचव्यापासून सुरुवात करायला लावतात, मग तो एक तर खोटं बोलतो किंवा प्रार्थनाच सोडतो. आधीची चार त्याला त्याच्या शब्दांत म्हणू द्या. पाचवं त्या दिवशी आलं नाही तरी चालेल, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं.

दाद
यात एक राहिलं. 'सूड घेणे माझ्याकडे आहे' (रोम १२:१९) हे अन्याय झालेल्याला तक्रारीपासून रोखायला सर्रास वापरतात. सूड वेगळा, दाद मागणं वेगळं. प्रेषित पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला निघाले. तो म्हणाला, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. साक्ष, तक्रार, अपील हे सगळं करता येतं, फक्त स्वतःच्या हाताने परतफेड नाही.

अनादी
तुमच्याच १ पेत्र २:२३ मध्ये ख्रिस्त उलट बोलला नाही, यथार्थ न्याय करणाऱ्याकडे त्याने स्वतःला सोपवलं, असं आहे ना?

दाद
उलट शिवी दिली नाही, असं आहे. माजी मुख्य याजक हन्नापुढे शिपायाने चापट मारली तेव्हा त्याने विचारलंच: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३)

उलटतपासणी
आणि उत्तर? २४ वं वचन वाचा. हन्नाने त्याला तसंच बांधून त्या वेळचा मुख्य याजक कयफाकडे पाठवलं.