श्रेडरमधल्या कागदी पट्ट्यांच्या विटा करून बंबात जाळायच्या आहेत, सल्ला हवा (नाशिक)

शरणपूररोडवाली
नमस्कार मंडळी. आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मुदत संपलेल्या फायली श्रेडरमधून काढतो, कारण त्यांवर लोकांचे पॅन नंबर, बँकेचे तपशील असतात. त्या पट्ट्यांची पोती आता माळ्यावर मावेनात. रद्दीवाला नाक मुरडतो, म्हणतो पोतं भरतं पण वजन भरत नाही. मखमलाबादला सासरी आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून रोज पेटतो आणि लाकूडफाटा विकत आणावा लागतो. तर या पट्ट्यांच्या विटा करून बंबात जाळता येतील का? ऑनलाइन लोखंडी साचे दिसतात, ते घ्यावेत का? घरी वर्तमानपत्रांची थप्पीही आहे, तीही त्यातच घालू का?

हिशोबी नाशिककर
वर्तमानपत्रं अजिबात घालू नका. हिशोब मांडतो.

20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला 500 किलोकॅलरी लागतात. किलोभर कोरड्या कागदात साधारण साडेतीन हजार असतात, पण बंबातली बरीचशी उष्णता नळीतून वर निघून जाते. पाव भाग पाण्याला लागला असं धरलं, तर अर्धा-पाऊण किलो कागद जळणार. रद्दीचा भाव किलोला 12 रुपये धरा, म्हणजे सात-आठ रुपये बंबात गेले. तेच पाणी गॅसवर तापवायला 75-80 ग्रॅम गॅस पुरतो. 14.2 किलोचा सिलिंडर 900 ला धरला तरी हे पाच रुपयांत बसतं. शिवाय भिजवणं, दाबणं, वाळवणं ही मेहनत वेगळीच.

विकली जाणारी रद्दी विका. तुमच्या पट्ट्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून तेवढ्यांचंच सरपण परवडतं.

सातपूरचा फिटर
ताई, साचा विकत घेऊ नका. ते लोखंडी साचे मोठ्या विटेचे असतात, ती वीट चुलीला ठीक. बंबाच्या नळीत ती उतरायचीच नाही. आधी नळीचं तोंड मोजा आणि त्याच्या निम्म्या जाडीच्या कांड्या होतील असा पीव्हीसी पाइप घ्या. वीतभर तुकडा कापून त्याला चहूबाजूंनी बारीक भोकं पाडा. खाली फळी, आत लगदा, वरून पाइपात सैल बसेल असा लाकडी दट्ट्या. दाबायला लांब फळीची तरफ करा, नाहीतर गाडीचा जॅक वापरा. पाणी भोकांतून निघून जातं.

लगद्यासाठी पट्ट्या ड्रममध्ये तीन-चार दिवस भिजवा आणि ड्रिलला रंग ढवळायची दांडी लावून फिरवा. मुठीत पिळल्यावर गोळा फुटला नाही की झालं. डिंक, मैदा, खळ असलं काही लागत नाही, कागदाचे तंतूच एकमेकांत गुंततात. ड्रमवर झाकण मात्र पक्कं हवं, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल.

ओझरकर
ऑफिसचा पांढरा कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चुनखडीची पूड भरलेली असते. त्यामुळे राख भरपूर होते आणि बंबाची जाळी लवकर तुंबते. वखारीतून लाकडाचा भुसा आणा, मापाने कागदाइतकाच. त्याहून जास्त घातला तर कांडी सुटते. भुसा अख्ख्या लाकडाचाच हवा. फर्निचरवाल्याकडचा प्लायवुड किंवा एमडीएफचा नको, त्यात रसायनाचा गोंद असतो.

कॅरीबॅग, लॅमिनेशन, खिडकीच्या पाकिटांचं प्लास्टिक, दुकानांच्या गुळगुळीत थर्मल पावत्या हे सगळं आधीच वेगळं काढा. टाचण्या राहिल्या तर राहू देत, राखेत सापडतात.

निफाडचा बागायतदार
भुशाऐवजी द्राक्षाची काडी कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. छाटणीच्या वेळी आमच्याकडे ढीग पडतो, फुकट न्या म्हटलं तरी कुणी येत नाही. पण त्या काडीवर वर्षभर बोर्डो आणि बाकीच्या औषधांचे फवारे बसलेले असतात. परसातल्या बंबात ती रोज जाळू नका, तिची राख तर झाडांना मुळीच घालू नका. आता पुष्कळ जण कुट्टी करून बागेतच टाकतात, ते बरं.

शरणपूररोडवाली
केवढी माहिती! अजून दोन शंका. वाळायला किती दिवस लागतात? आणि सासूबाई विचारतायत, यावर वांगं भाजलं तर चालेल का?

जुन्या नाशकातला
वांगं नको. शाईचा कागद आहे. वर्तमानपत्रात वडापाव बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं, मग शाईच्या कागदाच्या धुरावर भरीत कशाला? पाणी तापवण्यापुरतंच ठेवा.

आणि बंब मोकळ्या जागेत किंवा पडवीत असेल तरच. दार लावलेल्या न्हाणीघरात कुठलंही सरपण पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतच नाही.

सातपूरचा फिटर
वाळवणाचं असं आहे की साच्यातून निघालेल्या कांडीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. वरून खडखडीत दिसते, मोडली की आत ओली. तशीच बंबात टाकली तर धूरच धूर, वर नळीला काजळी. म्हणून दिवस मोजू नका, वजन करा. चार कांड्यांवर खूण करा आणि किचनच्या काट्यावर दोन-दोन दिवसांनी ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत अंगठ्याएवढ्या जाड कांड्या आठ-पंधरा दिवसांत होतात. गच्चीवर जाळीवर पसरा, फरशीवर नको, खालून हवा लागली पाहिजे. वर्षभराचा साठा फेब्रुवारी ते मेमध्ये करून ठेवा. पावसाळ्यात हा उद्योग काढलात तर कांड्यांवर बुरशीच येईल.

ओझरकर
साठ्याला वाळवी लागते, कसरही. भिंतीपासून लांब, फळीवर, हवेशीर ठेवा.

हिशोबी नाशिककर
जाता जाता, आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात, आणि त्याच नोटा फाटून-मळून परत आल्या की रिझर्व्ह बँक त्यांचे तुकडे करून दाबून विटा करते. म्हणजे ताई, तुमचा उद्योग अगदी सरकारमान्य आहे 😄

शरणपूररोडवाली
हाहा, हे सासऱ्यांना सांगते, लगेच तयार होतील. नळीचं तोंड मोजलं, साडेतीन इंच आहे. म्हणजे पाइप दीड इंची घेऊ की पावणेदोन?

सातपूरचा फिटर
दीड. दोन कांड्या शेजारी पडल्या तरी हवेला वाट राहायला हवी. पेटवताना खाली चार लाकडाच्या ढलप्या, त्या धरल्या की मगच कांड्या. आणि एकदम नळी भरू नका भो, दोन-दोन टाका.