जुनी गाडी घेतली, डीलर आता फोन उचलत नाही (मदत हवी आहे)

वैतागलेला_सातारकर
गेल्या महिन्यात जुनी डिझेल गाडी घेतली. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गरम होऊन बंद पडली. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय. डीलर म्हणतो, "चालवून बघितली होती ना?" पैसे परत मिळतील का? लवकर सांगा.

कृष्णाकाठ
कुठल्या सालची? पासिंग कुठलं? सांगलीकडची असेल तर आधी कार्पेट उचला. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला माती दिसेल.

डिझेल_नकोच
साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका फिरायला डिझेल कशाला? डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो. पेट्रोल घ्यायची.

वैतागलेला_सातारकर
घेऊन झाली हो! 2017 ची, एमएच 10, म्हणजे सांगलीचीच. पैशाचं बोला.

मधला_बाक
पैसे कुणाच्या खात्यात गेले? डीलर असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू. घरगुती मालकाकडून थेट घेतली असेल तर ग्राहक आयोग विसरा, दिवाणी कोर्ट.

वैतागलेला_सातारकर
डीलरच्याच. बिल दिलं नाही, स्टॅम्पवर 'जशी आहे तशी' लिहून घेतलंय. कार्पेट उचललं. खाली गाळ.

रोखठोक_कराडकर
सही केलीत, विषय संपला. गाडी नेऊन त्याच्या दुकानासमोर आडवी लावा.

मधला_बाक
आडवी लावली तर पोलीस तुम्हालाच उचलतील. आणि 'जशी आहे तशी' म्हणजे पूर लपवायचा परवाना नव्हे. गाळ धुऊ नका, फोटो काढा, विमा कंपनीकडे जुना क्लेम विचारा, डीलरला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या. मग 1915 वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, नाहीतर थेट जिल्हा आयोग. मुदत 2 वर्षं. गाडी 5 लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. डीलर सांगलीचा असला तरी तिकडे खेपा नकोत, तुम्ही राहता तिथे साताऱ्यातच दाखल होते.

रोखठोक_कराडकर
आणि तारखा कोण मोजणार?

नवी_मुंबईकर
नो क्लेम बोनस (विम्यातली सवलत) ट्रान्सफर करून घेतलात का?

कृष्णाकाठ
त्यांनी ते विचारलंय का? सातारकर, आरसी नावावर झाली का? फॉर्म 29-30 (मालकी बदलाचे) वर सह्या आहेत ना? आणि इंजिनला हात लावू देऊ नका, आयोग तपासणी करायला लावू शकतो.

वैतागलेला_सातारकर
सह्या आहेत, आरसी यायचीय. हेड कालच उघडलं.

मधला_बाक
मग जुनं गॅस्केट भंगारात जाऊ देऊ नका. मेकॅनिककडून काय सापडलं ते लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घ्या, आजच.